विहीणबाई रिव्हर्समध्ये

आमच्या घराण्यात आजवर अनेकांनी अनेक कामं उलटी केली, पण होणाऱ्या विहीणबाईंना मागच्या सीटवर बसवून, त्यांच्यासकट उलट्या दिशेनं भर रस्ता ओलांडणारा मी पहिलाच.

याचं कारण आमची पाणंद. (आमच्या घरात कुठल्याही गोष्टीचं कारण शेवटी पाणंदच असतं.) आचऱ्याला आमचं घर रस्त्याच्या खालच्या अंगाला, माडांमध्ये. रस्त्यावरून घरापर्यंत उतरणाऱ्या या वाटेला दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे आणि मधे जागा एवढीच, की समोरून म्हैस आली तर दोघांपैकी एकानं मागे जायचं. म्हैस अजून एकदाही मागे गेलेली नाही. खाली आमचं अंगण. त्यात तुळस, विहीर, आणि वडिलांनी बरोब्बर मध्यभागी लावलेला माड. त्यामुळे मोटारसायकल सरळ आत येते, पण वळत नाही. बाहेर काढायची तर उलटी, चढावर, ढकलत!

तिठ्यावर माझं झेरॉक्सचं आणि वह्या-पेनांचं दुकान आहे. रोज सकाळी पेट्रोलची ती जुनी मोटारसायकल उलटी ढकलत वर नेईपर्यंत माझी अवस्था अशी व्हायची, की पहिलं गिऱ्हाईक झेरॉक्स मागायच्या आधी मला पाणी द्यायचं. शेवटी कंबर बोलायला लागली आणि मी इलेक्ट्रिक मोटारसायकल घेतली. लोक पर्यावरणासाठी घेतात, मी रिव्हर्ससाठी घेतली.

शोरूममधल्या मुलीनं मला सगळं नीट समजावलं. "काका, डाव्या अंगठ्याखाली हे बटण. हे दाबून धरायचं आणि मूठ अगदी हलकी पिळायची. गाडी मागे सरकेल. अंगठा उचलला की थांबेल. रिव्हर्समध्ये पॉवर मुद्दाम कमी दिलेली असते. मोबाइलमध्ये ॲप आहे, त्यात 'हळू', 'मध्यम' आणि 'जोर' असे तीन पर्याय दिसतील. मी 'हळू'वर ठेवलंय. ते बदलू नका हं."

"छे छे, मी कशाला बदलू?" मी म्हणालो. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं याच वाक्यानं सुरू झालेली आहेत.

घरी आल्यावर मी प्रात्यक्षिक केलं. एकटा बसलो, बटण दाबलं, मूठ पिळली आणि गाडी 'टिंव टिंव' करत, लग्नातल्या नवरीसारखी पाऊल मोजत मागे मागे चढाव चढली. शेजारपाजारचे बघायला आले. मग गाडी परत अंगणात आणून मी बायकोला, मंगलला, ऐटीत म्हणालो, "बस फाटी!"

ती मागे बसली. मी बटण दाबलं. मूठ पिळली. गाडीनं 'घूंऽऽऽ' केलं आणि जागची हलली नाही.

"काय झालां?"

"काय नाय गो. लोड जास्त झालो."

हा शब्द मी वापरायला नको होता. मंगल खाली उतरली, पदर खोचला आणि सरळ आत गेली. पुढचे काही दिवस मला दोन्ही वेळेला नुसती पेज मिळाली. "लोड कमी व्हयो ना तुमका?" एवढंच ती म्हणायची.

तेव्हा ठरवलं, मागे माणूस असला की गाडी उलटी घ्यायची नाही. माणसानं चालत वर यावं आणि रस्त्यावर गाडीवर बसावं. हा नियम चांगला चालला होता. भामाबाई येईपर्यंत!

आमची वैशाली कुडाळला हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिथंच लॅबमध्ये काम करणारा विजयदुर्गचा दीपक तिला आवडला, त्याला ती आवडली, आणि आम्हा दोघांना दोघंही आवडली. राहता राहिली दीपकची आई, भामाबाई. घरच्या दोन होड्या, बंदरावर मासळीच्या लिलावात उभी राहणारी बाई. दीपकचे वडील समुद्राला भीत नाहीत, पण घरी यायच्या आधी बायकोचा मूड कसा आहे ते फोन करून विचारतात, अशी वैशालीची माहिती. दीपकनं तिला स्पष्ट सांगितलं होतं, "आयेन होय म्हटल्यान तर सगळा होयच. नाय म्हटल्यान तर काय करूचा ता माका ठावक नाय."

तर या भामाबाई एके दिवशी सकाळच्या एसटीनं एकट्याच आमच्याकडे आल्या. सोबत कोणी नाही. "माणसां बघूची तर एकट्यानच बघूची," म्हणाल्या. "चार जणां असली काय गजाली होतत, बघूचा रवता."

उंच, काळ्यासावळ्या, नाकात मोठी नथ, आणि नजर अशी की मी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं. त्या ओट्यावर बसल्या आणि बघायला लागल्या. घर बघितलं. विहीर बघितली. मधला माड बराच वेळ बघितला. मी त्यांना माझ्या वाचनाबद्दल, दुकानाबद्दल, हवामानाबद्दल सांगत राहिलो, तेही शुद्ध पुस्तकी मराठीत. (घाबरलो की माझं मराठी शुद्ध होतं.) त्या फक्त "हूं" म्हणत होत्या.

वैशालीनं मला आत बोलावलं. "बाबा, तुमी जास्त बोलू नकात. आणि गाडयेचा तर नावच काढू नकात!"

"मी कशाक काढू?"

जेवायला मंगलनं सुरमई केली होती. लिलाव करणाऱ्या बाईला मासे वाढायचे म्हणजे सोनाराला अंगठी दाखवायची! भामाबाईंनी ताटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सुरमय कालची."

मंगलचा चेहरा पडला. "नाय ओ, आज सकाळी घेतलंय बाजारात."

"तुमी आज घेतलास. ती कालची आसा."

असं म्हणूनही भामाबाईंनी ताट स्वच्छ केलं, सोलकढी दोनदा मागून घेतली, आणि हात धुऊन उठल्या. "मी येतंय. दुपारची यष्टी गावाक व्हयी."

बस! 'होय' नाही की 'नाही'ही नाही. वैशाली दाराआड उभी राहून ओढणीचं टोक चावत होती. मंगल घाईघाईनं पिशवी भरायला लागली. त्यात कोकमं घातली, नारळ घातले, परड्यातला एक चांगला गरगरीत भोपळा घातला. इतक्यात भामाबाई पायरी उतरताना गुडघ्यावर हात ठेवून "आई गे" म्हणाल्या. वर ऊन रणरणत होतं, पाणंद चढाची, आणि बाई काही न सांगता निघालेल्या. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"मी सोडतंय तुमका स्टॅंडार!" मी ओरडलो. "गाडी आसा! चढावार चालूक नको, हंयसूनच बसा!"

वैशालीनं डोळे मिटले.

आता माझ्या लक्षात आलं, की मागे माणूस असला की आपली गाडी हलत नाही. मंगल हलली नव्हती, तर भामाबाई काय हलणार! आणि 'लोड जास्त झालो' हे वाक्य त्यांना ऐकवलं तर वैशाली जन्मभर बिनलग्नाची राहणार. "वायच हेल्मेट घेवन येतंय," असं सांगून मी विहिरीमागे गेलो, मोबाइल काढला आणि ॲप उघडलं. हळू, मध्यम, जोर. खरं तर 'मध्यम' तिथंच होतं. पण हा शब्द मला शाळेपासून आवडत नाही. माझ्या प्रगतिपुस्तकात सगळ्या विषयांसमोर तोच असायचा. मी 'जोर' दाबलं. मोबाइलनं विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की!

भामाबाई एका बाजूला पाय सोडून बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत भोपळा, उजवा हात माझ्या खांद्यावर. मंगल आणि वैशाली ओट्यासमोर उभ्या. मी मागे वळून बघितलं, पाणंद मोकळी होती. डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं. आणि एकटा असताना पिळतो त्याच्यापेक्षा थोडी जास्त मूठ पिळली. (लोड जास्त होता ना!)

यापुढचं मी सांगतो ते मंगल, वैशाली आणि एसटीतल्या लोकांकडून जोडून घेतलेलं आहे, कारण मी स्वतः त्यात हजर असलो तरी शुद्धीवर होतो असं म्हणता येणार नाही.

गाडी सुटली! माड सुटला, तुळस सुटली, विहीर सुटली. मंगल आणि वैशाली हात पुढे करून उभ्या होत्या, त्या उभ्या उभ्या लहान लहान होत गेल्या. 'टिंव टिंव टिंव' चालूच.

"दादानू, गाडी फाटी जाता!" भामाबाई माझ्या कानात ओरडल्या.

"रिव्हर्स आसा! मुद्दाम जाता!"

"इतक्या जोरान मुद्दाम?"

गाडीला मागे हिसका बसला की बसलेला माणूस पुढे येतो. भामाबाई पुढे माझ्या पाठीवर आल्या आणि त्यांनी, पडू नये म्हणून, माझा उजवा दंड दोन्ही हातांनी गच्च धरून खाली ओढला. होडीचा दोर ओढणारे हात ते! दंड खाली गेला तसं मनगट खाली गेलं, मनगटाबरोबर मूठ आणखी पिळली गेली, आणि गाडी आणखी जोरात निघाली. त्या आणखी घाबरल्या, त्यांनी आणखी ओढलं. असं आमचं दोघांचं सहकार्य सुरू झालं.

"सोडा! सोडा!"

"काय सोडू?"

"हात! माझो हात सोडा!"

"तुमचो हात सोडलंय तर माका कोण धरतलो?"

प्रश्न बिनतोड होता. ब्रेक? ब्रेक होता हो! पण उजव्या हाताची बोटं माझ्या ताब्यात नव्हती, आणि पायाचा ब्रेक पायाजवळ होता, पण पाय ब्रेकजवळ नव्हते. ते मी दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारखे बाहेर काढून जमीन शोधत होतो. आणि डावा अंगठा? अंगठा उचलला की गाडी थांबते, हे त्या मुलीनं मला सांगितलं होतं, मला ते आठवतही होतं. पण माणूस भ्यायला की मूठ आवळतो, सोडत नाही. मी जितका घाबरलो तितका अंगठा बटणात रुतत गेला!

एक आरसा डावीकडच्या गडग्यानं घेतला. उजवीकडच्या आरशात मला फक्त भामाबाईंची नथ दिसत होती. एक कोंबडी गडग्यावर चढली आणि आम्ही गेल्यावर बराच वेळ तिथंच बसून राहिली म्हणे.

आणि पाणंद संपली. पुढे, म्हणजे मागे, रस्ता.

इथं मात्र मी विनोद करणार नाही. डाव्या अंगाला मला लाल रंग दिसला आणि हॉर्न ऐकू आला. एसटी. माझ्या मनात तेव्हा लग्न नव्हतं, मान नव्हता, काही नव्हतं. फक्त एवढंच आलं, की मागे बसलेली ही बाई माझ्या भरवशावर बसली आहे. मी डोळे मिटले नाहीत, हे मला अजून बरं वाटतं. टायर किंचाळले. एसटीचं तोंड माझ्या गुडघ्याच्या इतकं जवळून गेलं, की इंजिनाची ऊब लागली. आम्ही एसटीच्या पुढ्यातून, तिच्या सगळ्या प्रवाशांदेखत, उलटे पलीकडे गेलो. खिडकीतल्या एका आजोबांनी मला नमस्कार केला. कदाचित शेवटचा म्हणून.

रस्त्यापलीकडे जमीन खाडीकडे उतरते, आणि तिथं माडाच्या सावलीत आमच्या वाडीतला नाथा आपली जाळी पसरून फाटकं शिवत बसला होता. नाथानं मान वर केली. एक मोटारसायकल, पाठमोरी, 'टिंव टिंव' करत आपल्याकडे येत आहे, हे बघून तो जागचा उठला आणि शेजारच्या माडाला जाऊन चिकटला.

आम्ही जाळ्याच्या ढिगात घुसलो. मागचं चाक फिरलं, जाळं चाकाभोवती गुंडाळलं, आणखी गुंडाळलं, आणि मग गाडीनं 'घूंऽऽऽ' केलं. तोच, मंगलच्या वेळचा आवाज! जाळ्यापुढे गाडीचाही 'जोर' संपला. गाडी हळूच एका बाजूला कलली, आणि भामाबाई, भोपळा आणि मी, तिघंही मऊ जाळ्यावर ओतले गेलो.

सगळं शांत. फक्त 'टिंव टिंव टिंव'.

"ओ!" नाथा माडाआडून म्हणाला. "ता वाजता कित्या?"

वाजणारच! मी जाळ्यात पडलो होतो, गाडी आडवी होती, पण माझा अंगठा अजून बटणावर होता. मला तो उचलता येईना. इतक्यात मंगल धापा टाकत चढाव चढून, रस्ता ओलांडून आली. तिनं आधी भामाबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि खाली वाकून गोचीड काढावी तसा माझा अंगठा बटणावरून सोडवला. आवाज बंद झाला.

"लागला नाय ना खंय?" ती म्हणाली. आवाज रडका होता. मी मान हलवली. मग तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. तो मात्र लागला.

भामाबाई जाळ्यात बसूनच होत्या. त्यांनी एक हात हलवून बघितला, दुसरा हलवला, गुडघा वाकवला, नथ चाचपली. सगळं जागच्या जागी होतं. मागोमाग पोचलेली वैशाली त्यांच्यापुढे बसली, नाडी बघितली, डोळे बघितले, "चक्कर येता काय? मळमळता काय?" असं एकामागून एक विचारत राहिली. काम नीट चाललं होतं. भामाबाई तिच्याकडे बघत होत्या. पहिल्यांदाच, सकाळपासून, नीट.

मग त्यांनी हाताखालचं जाळं उचललं. "जाळा कोणाचा?"

"माझा," नाथा म्हणाला.

"ह्यां असा शिवतत?" त्यांनी त्याची शिवण बोटांनी ताणून दाखवली. "ह्येतसून सुरमय जायत, आणि हे दादा बरे गावले!"

असं म्हणून त्या हसायला लागल्या. आधी नुसती नथ हलली, मग खांदे, मग सगळ्या भामाबाई. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. नाथा हसला, वैशाली रडत रडत हसली. एव्हाना एसटीतली माणसं उतरून आली होती, तीही हसायला लागली. मला मात्र कळेना, की मी हसू की माफी मागू. मी हात जोडले आणि माझं शुद्ध मराठी सुरू केलं.

"मी आपली अंतःकरणापासून क्षमा..."

"गप रवा ओ!" भामाबाई म्हणाल्या. "सकाळपासून पुस्तकासारखे बोलतास. माका वाटला, ह्यो माणूस खरो खंय आसा? ह्येच्या घरात माझ्या दीपकान बसूचा तरी कसा? आता दिसलास. आमच्यात असलीच माणसां आसत. माझ्या घोवान पयल्यांदा होडी चालवल्यान ती सरळ धक्क्यार घातल्यान. मी आतच होतंय!"

"मगे?"

"मगे काय? लगीन केलंय तेच्याशी."

एसटीचा ड्रायव्हर पुढे आला. तो भीतीनं अजून पांढराफटक होता. मला बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात भामाबाईंनी त्याला विचारलं, "यष्टी खंयची?"

"विजयदुर्ग."

"मगे रव वायच. मी येतंय."

त्या उठल्या. पदर झाडला, भोपळा शोधला (भोपळ्याला ओरखडाही नव्हता), वैशालीच्या गालावरून हात फिरवला, आणि मंगलला म्हणाल्या, "परत येयन तेव्हा सुरमय मी घेवन येयन." मग माझ्याकडे वळल्या. "येतंय हां, व्याह्यानू."

व्याही! मी तिथंच जाळ्यावर बसलो. एसटी सुटली, खिडकीतून नथ चमकली, आजोबांनी पुन्हा नमस्कार केला. मंगल माझ्याशेजारी बसली, वैशाली तिच्याशेजारी. माणसं जिवंत आहेत, एवढ्या एका गोष्टीचा इतका आनंद होतो, हे मला माहीत नव्हतं.

ड्रायव्हरला भेटून मी नंतर माफी मागितली. तो म्हणाला, "काका, पुढून येणाऱ्यांची सवय आहे, पाठमोरं येणाऱ्यांची नाही." नाथाचं जाळं चाकातून सोडवायला मला त्याच्याबरोबर बसावं लागलं. आणि वैशालीनं माझ्या मोबाइलमधलं ते ॲप 'हळू'वर आणून त्याला पासवर्ड घातला. पासवर्ड मंगलला माहीत आहे, नाथाला माहीत आहे, विजयदुर्गात भामाबाईंना माहीत आहे. मला नाही.

लग्न छान झालं. आता मी गाडी एकट्यानंच उलटी घेतो, आणि इतकी जपून घेतो की बघणाऱ्यानं शिकावं. परवाच मी बटण हलकं धरलं, मूठ केसभर पिळली, पाय जमिनीजवळ, मान मागे, श्वास रोखून. पाणंदीच्या तोंडाशी एक गोगलगाय माझ्या मागच्या चाकाजवळून निघाली आणि पुढच्या चाकाच्या पुढे गेली. मला समाधान वाटलं, म्हटलं वेग म्हणतात तो हा! 'टिंव टिंव' ऐकू येत नव्हतं, पण म्हटलं गाडीही आता सुधारली असेल. मनातल्या मनात मी अर्धी पाणंद चढलोही होतो.

तेवढ्यात ओट्यावरून मंगल ओरडली, "ओ! चावी हंय ओट्यार रवली, ती घेवन जावा, मगे फाटी जावा!"